दुर्गादेवीच्या दुष्काळात कारखाने कुठे होते?

मृगसरी | ९ जून २०२५, रात्री १०:१२

यंदा २६ मेलाच मोसमी पाऊस मुंबईत येऊन पोचला, १९५६ चा २९ मेचा विक्रम मोडला, आणि लगेच सगळ्या ग्रुपांवर दोन तट पडले. एक तट म्हणतो बघा ग्लोबल वॉर्मिंग, दुसरा म्हणतो छे हो, हवामान आधीपासून बदलतच आलंय, दुर्गादेवीच्या दुष्काळात कुठे कारखाने होते? मला या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय. तो विचारणारी माणसं बरीचशी शहाणी, वाचणारी, शेती बघितलेली असतात आणि त्यांना नुसतं "शास्त्रज्ञ म्हणतात ना" असं सांगून गप्प बसवणं मला पटत नाही.

आधी हे सांगते की एका वर्षी पाऊस लवकर आला याने काहीच सिद्ध होत नाही, तो लवकर येण्याची त्या त्या वर्षाची कारणं असतात.

आता दुर्गादेवी. १३९६ पासून बारा वर्षं तो दुष्काळ चालला असं सांगतात, मग १६३०-३२ चा, ज्यात तुकोबांच्या घरातली माणसं गेली, मग १८७६-७८ चा, ज्यामागे प्रशांत महासागरातला जबरदस्त एल निनो होता. यातलं काहीही आपल्या धुरामुळे झालं नाही, शंभर टक्के मान्य. पण त्यातून कळतं एवढंच की हवामान निसर्गतः बिघडू शकतं. आत्ता जे तापतंय ते कशाने, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी आत्ताचीच तपासणी करावी लागते. आणि ती झालेली आहे, एकेक संशयित धरून.

सूर्य धरा. १९७८ पासून उपग्रहांवरून सूर्याची ऊर्जा मोजतायत, ११ वर्षांच्या चक्रात ती साधारण ०.१ टक्का वरखाली होते पण या सगळ्या काळात तिला चढता कल नाही, आणि तापमान मात्र याच काळात सरळ चढलंय. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला हवं होतं. प्रत्यक्षात खालचा थर, शाळेत शिकलो तो तपांबर, तापतोय आणि त्याच्या वरचं स्थितांबर थंड होतंय. ओझोन कमी झाल्याचाही त्यात वाटा आहे, पण वरच्या भागातलं थंड होणं मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचं आहे. हे मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच गणितातून सांगून ठेवलं होतं, मोजमाप नंतर झालं. मनाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आणि जगभर बघितलं तर दिवसांपेक्षा रात्री जास्त वेगाने तापल्यात. सूर्य रात्री नसतो.

पृथ्वीच्या कक्षेची चक्रं धरा, ज्यांनी हिमयुगं येतात जातात. ती हजारो वर्षांच्या हिशेबाने चालतात, आणि गेली काही हजार वर्षं त्यांचा कल पृथ्वी अगदी हळूहळू थंड होण्याकडे होता. म्हणजे निसर्गावर सोडलं असतं तर उलट दिशा होती.

आता माणूस. औद्योगिक काळाआधी हवेत उष्णता अडकवणारा कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८०, होता, १९५८ साली कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाईत मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि यंदाच्या मे महिन्याची सरासरी पहिल्यांदाच ४३० च्या वर गेली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासून आठ लाख वर्षांचा हिशेब लागलाय, त्यात हा आकडा १८० ते ३०० च्या दरम्यान फिरत राहिलाय, कधीच त्याच्या फार वर नाही.

तुमचे प्रश्न, आक्षेप हवेतच. फक्त फॉरवर्ड चिकटवू नका, स्वतःच्या शब्दात लिहा.

पागोळी | ९ जून, १०:५५

छान लिहिलंयस ग. स्थितांबराचं माहीत नव्हतं, यावर कोणी बोलत कसं नाही? वाचतेय.

भूमिपुत्र_७२ | ९ जून, ११:३०

मृगसरीताई, लेख मेहनतीचा आहे पण मी असहमत आहे, आणि का ते नीट सांगतो. १९७२ चा दुष्काळ मी सुकडी खाऊन काढलाय, त्यामुळे हवामान हा माझ्यासाठी टीव्हीवरच्या चर्चेचा विषय नाही.

पहिलं म्हणजे निसर्ग दरवर्षी समुद्र, झाडं, माती यांतून सुमारे ७५,००० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, माणसाचा वाटा जेमतेम पाच टक्के, मग पाच टक्क्यावर खापर कसं फोडता? दुसरं, आपला सह्याद्रीच मुळात ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे, ते जेव्हा उसळलं तेव्हा किती वायू बाहेर पडला असेल, तेव्हा माणूस नव्हता. तिसरं, आपले यू. आर. राव, इस्रोचे माजी अध्यक्ष, यांनी २०११ मध्ये 'करंट सायन्स' या शोधपत्रिकेत लिहिलं होतं की अवकाशातून येणारे वैश्विक किरण कमी झाल्याने ढग कमी झाले आणि तापमानवाढीतला मोठा वाटा त्याचा आहे. ते काही तेल कंपनीचे माणूस नव्हते. आणि चौथं, याच आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं छापलं, आपल्या पर्यावरण मंत्रालयाने हिमनदी-तज्ज्ञ व्ही. के. रैना यांचा अहवाल काढून शंका घेतली तर आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष पचौरी यांनी त्याला 'वूडू सायन्स' म्हटलं आणि दोन-तीन महिन्यांत आयपीसीसीलाच ते वाक्य चुकलं म्हणून मान्य करावं लागलं. मग यांच्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा?

वऱ्हाडी_झुणका | १० जून, सकाळी ७:४०

भूमिपुत्र काकांचा पाच टक्केवाला मुद्दा मलेही पडलाय नं. आमच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे, उन्हाळ्यात पारा ४७ ला टेकते, इथं सगळे म्हणतात केंद्रामुळंच तापते. मृगसरी ताई, खरं काय ते सांगा भाऊ.

मृगसरी | १० जून, दुपारी १:२०

काका, चारही मुद्दे खरे प्रश्न आहेत, आधी पाच टक्के घेते कारण ते सगळ्यात जास्त ऐकू येतं.

निसर्ग ७५,००० कोटी टन सोडतो हे बरोबर, पण तो तितकंच परत घेतोही. तो देण्याघेण्याचा व्यवहार हजारो वर्षं जवळपास जुळलेला होता, म्हणून तर आकडा २८० वर थांबून होता. गावच्या टाकीत रोज जेवढं पाणी येतं तेवढंच नळांना जात असेल तर पातळी हलत नाही, आणि तिथे तुम्ही रोज फक्त चार बादल्या जास्त ओतल्या तरी टाकी कधीतरी वाहणारच. आता हिशेब घाला. माणूस कोळसा, तेल, गॅस, सिमेंट मिळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो, जंगलतोड धरली तर ४,००० कोटींच्या पुढे. हवेत वर्षाला साधारण अडीच पीपीएम वाढ होते, एक पीपीएम म्हणजे ७८० कोटी टन, म्हणजे वाढ साधारण १,९५० कोटी टनांची. आपण सोडलेल्यातलं निम्मंच हवेत राहिलं! उरलेलं निम्मं समुद्राने आणि झाडांनी गिळलं. मग निसर्ग यात भर घालतोय की कमी करतोय? समुद्रातून वायू बाहेर पडून ही वाढ झाली असती तर समुद्राचं पाणी आम्लतेकडे झुकलं नसतं, ते झुकतंय.

आणि हवेतला जास्तीचा कार्बन कुठून आला ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी प्रकार ५,७३० वर्षांत निम्मा होतो, कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरतच नाही. हवेतल्या कार्बनमध्ये असा 'म्हातारा' कार्बन मिसळतोय हे हान्स सूस यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. बरं, म्हातारा कार्बन ज्वालामुखीतूनही येतो, मग तो कशावरून नाही? कारण झाडं कार्बन-१३, म्हणजे कार्बनचाच जरा जड प्रकार, कमी घेतात, कोळसा-तेल झाडा-शेवाळातूनच झालंय, आणि हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घसरतंय, ज्वालामुखीच्या वायूने ते असं घसरणार नाही. त्यात भर म्हणून हवेतला ऑक्सिजनही अगदी किंचित, पण मोजता येईल इतका कमी होतोय, आणि तो कमी होतो जाळल्यावर. जिवंत झाडं नाहीत, ज्वालामुखी नाही, समुद्र नाही. उरतं काय?

वऱ्हाडी भाऊ, तुमचं संध्याकाळी लिहिते, प्रश्न मोठा आहे.

ह्यूस्टनकर | १० जून, दुपारी ४:०५

सह्याद्रीच्या मुद्द्यावर मी लिहितो, मी तेलाच्या धंद्यातच आहे, भूगर्भशास्त्र हा माझा रोजचा विषय.

काका, दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. प्रचंड वायू बाहेर पडला हे खरंच, पण तो लाखो वर्षांत, टप्प्याटप्प्याने. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला १०० कोटी टनांच्या आतच कार्बन डायऑक्साइड सोडतात, आपण त्याच्या निदान पस्तीस-चाळीस पट. आणि उलट दख्खनचा दाखला तुमच्या विरोधात जातो असं मला वाटतं, हवेत हा वायू वाढला की पृथ्वी तापते हे आम्ही खडकांतूनच शिकलो. पूर्वी तो वायू ज्वालामुखीने सोडला, आता आम्ही जमिनीतून काढून जाळतोय, वायूला त्याने काय फरक पडतो?

आमच्या धंद्याला हे कळत नव्हतं असंही नाही. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९८२ च्या अंतर्गत टिपणात तापमान किती वाढेल त्याचा आलेख काढून ठेवला होता. २०२३ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत त्यांचे जुने अंदाज तपासले गेले, ते बऱ्यापैकी अचूक निघाले. कंपनीने बाहेर मात्र अनेक वर्षं अनिश्चिततेचीच भाषा केली. या धंद्यावर माझं घर चालतं, तरीही हे मला फार लागतं.

अळूवडी | १० जून, संध्याकाळी ६:१८

माझी एक शंका, तापमान मोजणारी केंद्रं शहरात आहेत. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेभोवती पूर्वी काय होतं आणि आता काय आहे बघा, सिमेंट वाढलं की तापमान वाढणारच, मग जग तापलं असं कसं म्हणायचं?

ह्यूस्टनकर | १० जून, संध्याकाळी ७:३०

@अळूवडी, अगदी याच शंकेवर रिचर्ड म्युलर नावाच्या बर्कलेच्या भौतिकशास्त्रज्ञाने वेगळा प्रकल्प काढला होता, त्याला कोक फाउंडेशनचेही पैसे होते, म्हणजे निधी देणाऱ्यांत कोळसा-तेलवाले होतेच. त्यांनी शहरांपासून लांबची केंद्रं वेगळी काढून बघितली, सगळ्या नोंदी नव्याने मोजल्या आणि २०१२ मध्ये जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे आणि जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. शिवाय जास्तीच्या उष्णतेतला ९० टक्क्यांहून जास्त भाग समुद्रात जातो, तिथे कुठलं आलंय सिमेंट? तिथे हजारो आर्गो तरंगक बुडी मारून तापमान मोजतायत, आपल्या हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचेही आहेत त्यात.

मृगसरी | १० जून, रात्री ९:५०

वऱ्हाडी भाऊ, केंद्राच्या आसपास थोडी उष्णता वाढत असेल, राखेचा आणि धुराचा त्रास तर खराच, त्याच्याविरुद्ध भांडायलाच हवं. पण चंद्रपूरचा पारा ४७ ला जाण्याचं मुख्य कारण ते केंद्र नाही, तो पट्टा मुळातच तापणारा. केंद्राचा कार्बन डायऑक्साइड चंद्रपुरावर बसून राहत नाही, वर्षभरात जगभर मिसळतो. चंद्रपूरचा कोळसा आणि टेक्सासचा कोळसा हवेला सारखाच.

उलट एक गोष्ट सांगते जी आपल्याकडे फार कमी बोलली जाते. कोळशाच्या धुरातले सल्फेटचे कण ऊन परतवतात, म्हणजे तात्पुरतं थंड करतात. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश वाढलं, हे भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या लोकांनी केलेल्या. जगाची वाढ यापेक्षा जास्त. हे कमी का, त्यामागे आपली धुरकट हवा हे एक मोठं कारण मानलं जातं. म्हणजे इथे तापवणाराही माणूस आणि झाकणाराही माणूस. आणि धूर काही आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतो, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. हवा स्वच्छ करायचीच आहे, फुप्फुसांसाठी करायलाच हवी, पण केली की झाकलेली उष्णता उघडी पडणार, याची तयारी आपल्याकडे कोण करतंय?

काका, यू. आर. रावांचा लेख खरा आहे आणि माणूस फार मोठा होता. पण त्यांचा मुद्दा तपासता येतो आणि तो तपासला गेला. २००९ मध्ये वैश्विक किरण अंतराळयुगातल्या सर्वात वरच्या पातळीला पोचले होते, त्या हिशेबाने ढग वाढून थंडी यायला हवी होती, पुढचंच २०१० हे तोपर्यंतच्या सर्वात उष्ण वर्षांपैकी निघालं. जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत याच प्रश्नासाठी 'क्लाउड' नावाचा प्रयोग चालवला, किरणांचा ढगांवरचा परिणाम आहे पण फार छोटा असंच त्यातून दिसलं.

२०३५ ची चूक लाजिरवाणी होती आणि रैना यांना हिणवणं अन्यायाचं होतं, त्यावर मी तुमच्या बाजूने आहे. फक्त ते वाक्य परिणामांच्या खंडात होतं. भौतिकशास्त्राच्या खंडात ते नव्हतं, आणि तापमान कशाने वाढतंय याचा हिशेब त्यावर उभा नाही.

द्राक्षबाग | ११ जून, पहाटे ५:५०

आम्हाला एवढं शास्त्र नाही समजत पण विचारतो. द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी केली की पाऊस, डाऊनी रोग येतो, घडकूज होते, फवारणीचा खर्च बघून डोळे पांढरे होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चला गारपिटीने मराठवाडा-विदर्भात काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. आता प्रत्येक पुढारी म्हणतो हवामान बदल हो, निसर्गापुढे काय करणार. मग हे नक्की त्याच्यामुळेच आहे का? की नुसतं म्हणायचं म्हणून?

मृगसरी | ११ जून, सकाळी ११:१५

दादा, तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जपून उत्तर द्यायला हवं कारण तुमचे पैसे बुडतात.

गारपिटीबद्दल पुरावा आज कच्चा आहे. नोंदीच फार विरळ आहेत, त्यामुळे ती हवामान बदलाने वाढली असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मुसळधार पावसाबद्दल मात्र पुरावा पक्का आहे, हवा एक अंश तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पसरणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ मध्ये सुमारे तिप्पट झाली, हा आयआयटीएमच्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास. अरबी समुद्रही तापलाय, आणि तिथली चक्रीवादळं अलीकडे वाढलीत.

पण "निसर्गापुढे काय करणार" हे वाक्य दोन्हीकडून खोटं आहे. एक तर तो नुसता निसर्ग नाही. आणि दुसरं, पीक विम्याचे पैसे वेळेवर मिळणं, गावात हवामान केंद्र चालू असणं, हे तर कोणाच्या तरी हातात आहे ना?

पागोळी | ११ जून, दुपारी १२:०२

याला प्रचंड अनुमोदन. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७४. एवढा स्थानिक पाऊस जागतिक तापमानाच्या एका ओळीत कसा बसवणार? आणि मिठी नदीत भराव घालून पात्र आवळलं त्याचा कार्बनशी काही संबंध नाही, ते सरळ सरळ इथल्या माणसांनी केलंय. तेही मानवनिर्मितच, पण वेगळ्या अर्थाने. दरड कोसळली की लगेच हवामान बदल म्हणतात, डोंगर कोणी पोखरला ते कोणी बोलत नाही. मला याचा खूप राग येतो.

भूमिपुत्र_७२ | ११ जून, रात्री ९:४०

कार्बनच्या हिशेबाचा भाग मी पुन्हा वाचला, निम्मंच हवेत राहतं हा मुद्दा वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण माझा मूळ राग वेगळा आहे तो बोलून टाकतो. दोनशे वर्षं इंग्लंड-अमेरिकेने जाळलं, श्रीमंत झाले, आणि आता आमच्या पोरांना वीज मिळायला लागली तर म्हणतात कोळसा बंद करा. मला हे सगळं माणसामुळे-माणसामुळे प्रकरण आम्हाला दाबायला उभं केलंय असं वाटतं.

मृगसरी | ११ जून, रात्री ११:०५

काका, हा राग माझाही आहे, आणि मला वाटतं आपल्याकडचे निम्मे लोक विज्ञानामुळे नाही तर या रागामुळे माणसाचा हात नाकारतात. पण जरा उलटून बघा. समजा तुमचं बरोबर, हे सगळं निसर्गाने केलं. मग अमेरिका कोणाचं काय देणं लागते? काहीच नाही! १८५० पासून जगाने जाळलेल्या कोळसा-तेलातून जितका वायू निघाला त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, आपला ३ टक्क्यांच्या आसपास, तोही जगाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त लोकसंख्येत वाटून. आजही आपण माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास सोडतो, अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास. हे आकडे आपल्या हातातला सगळ्यात मोठा दावा आहेत, आणि तो दावा उभा राहतो तो "माणसामुळेच झालं" यावर. ज्या दिवशी आपण म्हणू हे नैसर्गिक आहे, त्या दिवशी आपण त्यांना सोडून दिलं.

पर्यावरण-अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हे मांडलं होतं, की गरिबाच्या भातशेतीतून निघणारा मिथेन आणि श्रीमंताच्या गाडीचा धूर एकाच तराजूत घालू नका. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत नुकसानभरपाईचा निधी मान्य झाला तो गरीब देशांनी तीस वर्षं हाच धोशा लावला म्हणून. त्यात पैसे फार थोडे आलेत, ते वेगळं भांडण, आणि ते जोरात भांडायला हवं. कारण कोणतं आणि बिल कोणाचं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवूया एवढंच माझं म्हणणं.

वऱ्हाडी_झुणका | १२ जून, सकाळी ८:१०

हे बरोबर बोललात ताई. हा अँगल कोणीच सांगत नाही बावा. गावातल्या ग्रुपवर मांडतो.

भूमिपुत्र_७२ | १२ जून, सकाळी १०:२५

ही बाजू मी अशी पाहिली नव्हती, विचार करतो. एक शंका मात्र सोडणार नाही. वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचं उत्तर अमेरिकी शास्त्रज्ञांच्या १९७९ च्या चार्नी अहवालात दीड ते साडेचार अंश होतं. चाळीस वर्षं संगणक चालवून आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात काय निघालं?

मृगसरी | १२ जून, दुपारी २:३०

अडीच ते चार. म्हणजे पट्टा अरुंद झाला, पण अजून रुंदच आहे, आणि त्यातली बरीच अनिश्चितता ढगांमुळे आहे, कोणते ढग कमी होतील आणि कोणते वाढतील हे संगणकात नीट बसवणं फार अवघड. काका, माझ्या मते खरा, जिवंत वाद हा आहे. माणसाचा हात आहे का, यावर शास्त्रात आता वाद उरलेला नाही. किती आणि किती लवकर यावर आहे. अडीच हा आकडा लहान वाटतो म्हणून सांगते, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत जगाचं सरासरी तापमान औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत साधारण ५ ते ७ अंशच कमी होतं, आणि तेव्हा समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता.

ढगांवर वेगळा धागा काढाल का? तिथे ह्यूस्टनकरांनाही ओढू, इथे प्रतिसाद लांबत चाललेत.